सुटकेआधीचं गाव

आटपाडीचा परिसर म्हणजे पावसानं पिढ्यान्‌पिढ्या हुलकावणी दिलेला माणदेश. औंध संस्थानानं १९३९ साली इथल्या माळावर कैद्यांची एक वसाहत वसवली आणि तिचं नाव ठेवलं स्वतंत्रपूर. भोवती तट नाही, कोठड्या नाहीत. राबायला जमीन आणि राहायला घर.

औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आपल्याला सूर्यनमस्कारांमुळे आणि औंधच्या चित्रसंग्रहामुळे ठाऊक असतात. याच राजानं गांधीजींच्या सल्ल्यानं त्याच सुमारास राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. त्यासाठीच्या राज्यघटनेच्या कामात मॉरिस फ्रीडमन हा पोलंडहून आलेला ज्यू इंजिनिअर होता. गांधीजींच्या वर्तुळात तो भारतानंद झाला होता. निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत नेणारा तो हाच. स्वतंत्रपूरची कल्पना त्याची मानली जाते.

पुढे १९५७ साली याच प्रयोगावर बेतलेला व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. कथा गदिमांची, आणि गदिमा शेटफळ्याचे, म्हणजे याच आटपाडीच्या मुलखातले. चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, बर्लिनमध्ये पारितोषिक मिळालं. पण माझी एक तक्रार आहे. चित्रपटाचा सगळा भार जेलरच्या डोळ्यांवर आहे. तो भला माणूस पाहतोय म्हणून कैदी सुधारतात. स्वतंत्रपूरची खरी करामत त्याहून साधी आणि टिकाऊ होती. तिथं कैद्याला बायकामुलांसह राहता येतं. बंद तुरुंगात चांगल्या वर्तणुकीनं काही वर्षं काढलेल्या माणसाला इथं पाठवतात, आणि शिक्षा चालू असतानाच त्याचं घर पुन्हा उभं राहतं.

ही गोष्ट किती मोलाची, ते नेहमीच्या तुरुंगातून सुटणाऱ्याकडे पाहिलं की कळतं. सुटकेच्या सकाळी त्याला बराकीतून ऑफिसात आणतात. रजिस्टरात लिहिलेल्या ओळखखुणा, भुवईवरचा व्रण, मानेवरचा तीळ, जुळवून पाहतात. आत येताना जमा केलेले कपडे, घड्याळ, किल्ल्या परत देतात, खात्यावरची रक्कम मोजून देतात, सही किंवा अंगठा घेतात. जन्मठेपवाल्याचे तेव्हा निदान चौदा वर्षांचे दिवस भरलेले असतात. पँट कमरेत बसत नाही आणि किल्ली ज्या कुलपाची, ते घर भावानं केव्हाच विकलेलं असतं. मग सुरू होते कागदांची रांग. रेशनकार्डावरून नाव कमी झालेलं. बँकेचं खातं निष्क्रिय. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद, त्यामुळे ओटीपी येत नाही, आणि ओटीपीशिवाय आज या देशात माणूस जवळपास नसल्यातच जमा.

तुरुंगाच्या भाषेत दोन रजा असतात, संचित आणि अभिवचन. म्हणजे फर्लो आणि पॅरोल. बाहेरच्यांना ही चैन वाटते. प्रत्यक्षात ती सुटकेची रंगीत तालीम असते. पोरगं केवढं झालं, शेताचा बांध कुणी कोरला, हे अशा रजेतच कळतं. पण रजेसाठी जामीनदार लागतो, गावच्या पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो. ज्याचं घरानं नाव टाकलंय त्याला जामीनदार मिळत नाही, म्हणून रजा नाही, आणि रजा नाही म्हणून नातं आणखी आटतं. ज्याला तालमीची सर्वांत जास्त गरज, त्याच्यावरच थेट प्रयोगाला उभं राहण्याची वेळ येते.

बाईची गत वेगळी. आईबरोबर मूल तुरुंगात राहू शकतं ते सहा वर्षांचं होईपर्यंत. सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली त्याचे नियम घालून दिले. पुढं ते नातेवाइकांकडे जातं, नाहीतर संस्थेत. सुटलेल्या बाईचं पहिलं काम नोकरी शोधणं नसतं. मूल कुठं आहे ते शोधणं, आणि आपण त्याला सांभाळू शकतो हे कुणाला तरी पटवणं, हे असतं. सासरचं दार बहुधा बंद असतं. माहेरी धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं असतं.

आणि पुनर्वसनाची चर्चा आपण नेहमी पक्क्या कैद्यांपुरती करतो. २०२२च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसं होती आणि त्यांतले सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी. वर्ष-दोन वर्षांनी जामिनावर किंवा निर्दोष सुटणाऱ्याची खोली, हातगाडी, नोकरी तोवर गेलेलीच असते. त्याला आत ना धंदेशिक्षण मिळालेलं असतं, ना कुणी सुटकेची आखणी केलेली असते. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून मुंबई-ठाण्यात अशांसोबत काम करतो. पण एका प्रकल्पाचा आवाका तो किती!

धंदेशिक्षणाबद्दल बोलायचं तर येरवड्याचं सुतारकाम आणि नाशिकरोडच्या गणेशमूर्ती यांना नाव आहे. दिवाळीच्या मेळ्यात कैद्यानं केलेली खुर्ची आपण कौतुकानं घेतो. तोच सुतार सुटून दुकानात काम मागायला आला की आपण पोलीस पडताळणीचा कागद मागतो. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेनं २०२२ साली ‘जिव्हाळा’ ही कर्जयोजना येरवड्यात सुरू केली, सात टक्क्यांनी पन्नास हजारांपर्यंत. कर्ज कैद्याच्या नावावर, फेड त्याच्या आतल्या मजुरीतून, आणि पैसा घरच्यांच्या उपयोगी. रक्कम मोठी नाही, पण मला ही योजना आवडते. आत असलेला बाप मुलाची फी भरू शकला, तर सुटल्यावर त्याला त्या घरात बसायला जागा असते. स्वतंत्रपूरचं जे सूत्र, तेच इथं पैशांत उतरलंय.

राजस्थानात सांगानेरला १९६३ पासून हे सूत्र मोठ्या प्रमाणावर चालतंय. तिथले बंदी कुटुंबासह राहतात, दिवसा शहरात कामाला जातात, कमाईतून आपला संसार चालवतात, हजेरीला परत येतात. तट आणि बराकी बांधण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. तरी स्वतंत्रपूर आजही मूठभर कुटुंबांपुरतंच राहिलंय. पळालेला एक कैदी विधानसभेत प्रश्न होतो. धड नांदणारे शंभर कुणाच्या खात्यावर जमा होत नाहीत. सांगानेरच्या छावणीची जागाही रुग्णालयासाठी घ्यायचा घाट घातला गेला, आणि छावणीचं क्षेत्र घटवू नका, असं २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

नवी वसाहत वसवायला वेळ लागेल, हे मान्य. तोवर करता येण्याजोगी गोष्ट कमी खर्चाची आहे. जिल्ह्याजिल्ह्यात परिवीक्षा अधिकारी आहेत आणि २०१६च्या आदर्श कारागृह नियमावलीत सुटकेनंतरच्या देखभालीवर स्वतंत्र प्रकरण आहे. सुटकेच्या सहा महिने आधी त्या अधिकाऱ्यानं कैद्याच्या घरी जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: तो आला तर झोपणार कुठं, रेशनकार्डावर नाव आहे का, आणि त्याच्याशी अजून कोण बोलतं?