दोन वळशांचा न, तीन वळशांचा ण

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात एका लांबलचक भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातला, १८०३ सालचा हा देवनागरी शिलालेख. तंजावरच्या मराठी घरातलं पहिलीतलं मूल त्यापुढे उभं राहिलं, तर त्याला काय दिसेल? ते घरी मराठी बोलतं, शाळेत तमिळ आणि इंग्रजी लिहितं. दगडातली प्रत्येक रेघ त्याला स्वच्छ दिसते. कुठल्या रेघेने अक्षर बदलतं आणि कुठली रेघ नुसती छिन्नीची लकब आहे, हे मात्र त्याला ठाऊक नसतं.

वाचनाची सुरुवात इथे होते. दिसलेल्या आकारांतला कामाचा फरक टिपणं हे कौशल्य शिकावं लागतं, आणि त्याबद्दल पालकांच्या मनात बरेच गैरसमज आहेत. त्यांचा भार मुलांवर पडतो, म्हणून ते एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज १: अक्षरं ओळखता येत नाहीत, म्हणजे डोळ्यांत दोष आहे.

वस्तुस्थिती: डोळे तपासून घ्यावेतच. फळा अंधुक दिसत असेल तर चष्म्याने मोठा फरक पडतो. पण नजर चांगली असणं आणि अक्षरांतला भेद कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरफोजीराजांना नेत्रविद्येची मोठी आवड होती. त्यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. त्या चित्रांत दिसतो तो डोळ्याचा आजार. वाचनातली अडचण बहुतेक वेळा तिथे सापडत नाही.

वाचायला शिकताना मेंदूच्या डाव्या बाजूचा, मागचा-खालचा एक भाग अक्षरांच्या आकारांत तरबेज होतो आणि आवाज व अर्थ सांभाळणाऱ्या भागांशी जोडला जातो. ही जोडणी जन्मजात नसते, सरावाने घडते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदन काढून स्पष्ट सांगितलं, की डोळ्यांचे व्यायाम किंवा रंगीत भिंगं यांनी वाचनाची अक्षमता दूर होते याला पुरावा नाही. अशा उपचारांवर पैसा तर जातोच, त्याहून मोलाची वर्षं जातात.

गैरसमज २: इंग्रजी ‘बी’च्या जागी ‘डी’ लिहिलं, म्हणजे डिस्लेक्सिया.

वस्तुस्थिती: बृहदीश्वराचा नंदी डावीकडून पाहा की उजवीकडून, तो नंदीच. पेल्याचा कान कुठल्याही बाजूला असो, पेला तोच. वस्तू ओळखताना डावं-उजवं सोडून द्यायचं, हे मेंदूला बाळपणापासून अंगवळणी पडलेलं असतं आणि जगण्यात ते उपयोगीही असतं. लहान लिपीतले ‘बी’ आणि ‘डी’ ही सवय मोडायला सांगतात. आकार तोच, फक्त तोंड फिरलेलं, तरी अक्षर वेगळं. पाच-सहा वर्षांच्या मुलाने त्यांत गल्लत करणं अगदी स्वाभाविक आहे.

याचा एक सुंदर पुरावा तमिळनाडूतून मिळाला. डॅन्झिगर आणि पेडरसन या संशोधकांनी १९९८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तमिळ लिपीत ‘बी-डी’सारख्या आरशातल्या जोड्या नाहीत. फक्त तमिळ वाचता येणारी मोठी माणसंसुद्धा मूळ आकृती आणि तिचं आरशातलं रूप सहज एकच मानत होती. ज्यांना इंग्रजीची लिपीही येत होती, ते त्यांत फरक करत होते. डावं-उजवं पाहण्याची ही नजर त्यांना लिपीने दिली होती. मग तमिळ अक्षरं गिरवून नुकतंच इंग्रजीकडे वळलेलं मूल ‘डी’ उलटा काढतं, तेव्हा घाबरण्याचं कारण नाही. ‘तारे जमीन पर’ या २००७ च्या चित्रपटाने डिस्लेक्सियाबद्दल घराघरांत आस्था निर्माण केली, हे त्याचं ऋण मोठं आहे. त्यातली नाचणारी अक्षरं मात्र या अडचणीची मुख्य खूण नव्हेत. डिस्लेक्सियाचं मूळ बहुतेक मुलांत शब्दातले आवाज सुटे करण्यात आणि ते अक्षरांशी जोडण्यात असतं.

गैरसमज ३: आकृत्या जुळवण्याचा आणि ‘फरक ओळखा’चा सराव करून घेतला, की वाचन येतं.

वस्तुस्थिती: १९६० च्या दशकात मारियान फ्रॉस्टिग यांच्या पद्धतीने आकृत्यांचे सराव जगभर गाजले. पुढच्या संशोधनात दिसलं, की त्यामुळे मुलं आकृत्यांत हुशार होतात, पण ती हुशारी वाचनात फारशी उतरत नाही. दारातलं ठिपक्यांचं कोलम काढताना हात आणि नजर दोन्ही घडतात, म्हणून ते आनंदाने काढू द्यावं. अक्षरांतला फरक मात्र अक्षरांमधूनच शिकवावा लागतो.

कसा, ते तमिळ शिक्षकांकडून घेण्यासारखं आहे. तमिळ ‘ण’ला तीन वळसे असतात आणि त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या एका ‘न’ला दोन. वर्गात त्यांची नावंच पडली आहेत: ‘मूणु सुळि’ आणि ‘रेंडु सुळि’, म्हणजे तीन वळशांचा आणि दोन वळशांचा. दोन वळसे असले तर ‘मनम्’, म्हणजे मन. तीन झाले की ‘मणम्’, म्हणजे सुवास. एका वळशाने मनाचा सुवास होतो, हे एकदा कळलं की मूल वळसे मोजू लागतं. आपल्याकडे ‘घन’ आणि ‘धन’ शेजारी लिहून दाखवा. ‘ध’च्या सुरुवातीची गाठ आणि डोक्यावरची तुटकी शिरोरेघ मुलाला स्वतः बोटाने दाखवू द्या, आणि दोन्ही शब्द मोठ्याने म्हणू द्या. आकार, आवाज आणि अर्थ असे तिन्ही एकत्र आले की फरक पक्का बसतो.

गैरसमज ४: आपल्या लिप्या उच्चाराप्रमाणे चालतात, म्हणजे वर्षभरात सगळी अक्षरं यायलाच हवीत.

वस्तुस्थिती: उच्चाराशी इमान असलं तरी आकारांची संख्या मोठी आहे. तमिळच्या तक्त्यात २४७ अक्षरं असतात. देवनागरीत बाराखडी आणि जोडाक्षरं धरली तर हिशेब त्याच्याही पुढे जातो. शिवाय ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि म्हणताना ‘क’ आधी. सोनाली नाग यांच्या कन्नड मुलांवरच्या अभ्यासातून दिसलं, की अशा लिप्यांची अक्षरओळख पूर्ण व्हायला कित्येक इयत्ता लागतात. जी अक्षरं क्वचित भेटतात, ती उशिरा पक्की होतात. पहिलीतल्या मुलाला ‘ङ’ आठवत नाही, म्हणून ते मागे पडलेलं नाही.

गैरसमज ५: दोन-तीन लिप्या एकदम शिकवल्या की मुलाचा गोंधळ उडतो.

वस्तुस्थिती: सुरुवातीला सरमिसळ होते आणि सरावाने ती सरते. तंजावर दरबारात मराठी दोन लिपींत लिहिली जाई. ग्रंथ बालबोधीत, दफ्तरं मोडीत. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची, मग तिला सलग अक्षरं टांगायची आणि शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. तरीही त्या काळच्या कारकुनांची नजर दोन्हींत मुरलेली होती. आजच्या मराठी मुलाकडे तर आणखी एक आधार आहे. ‘ल’ आणि ‘ळ’ यांतला फरक त्याच्या भाषेत आधीच आहे. तमिळमधला ‘ल’ आणि ‘ळ’ कानाला ओळखीचे असले की डोळ्यांना त्यांचे आकार लक्षात ठेवणं सोपं जातं. म्हणून घरातली मराठी सोडू नका.

घरी काय करावं?

- दिसायला सारखी दोन अक्षरं एकाच दिवशी नव्याने शिकवू नका. आधी एक पक्कं होऊ द्या, मग दुसरं शेजारी ठेवा.
- अक्षर हाताने काढू द्या. कॅरिन जेम्स यांनी २०१२ मध्ये दाखवलं, की स्वतः अक्षर काढलेल्या पाच वर्षांच्या मुलांत वाचनाचे मेंदूतले भाग जागे होतात. नुसत्या टंकनाने किंवा ठिपके गिरवून तसं होत नाही. विजयादशमीला तांदळात बोटाने अक्षर काढण्याची तमिळ रीत एका दिवसापुरती कशाला ठेवायची?
- गाणी, यमकं, शब्दांची फोड यांतून कान तयार करा.

दुसरी संपत आली तरी ओळखीची अक्षरं जोडून साधा शब्द लागत नसेल, यमक ऐकू येत नसेल, घरात कोणाला अशीच अडचण असेल, तर थांबू नका. मराठीत शिकणाऱ्या मुलांसाठी २०१५ पासून ‘डाली’ ही चाचणी उपलब्ध आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे शाळेकडून मदत मागणं हा मुलाचा हक्क आहे.

बाकी मुलांना हवा असतो तो वेळ आणि शेजारी बसणारं कोणीतरी. त्यांना त्या भिंतीपाशी न्या. सगळा लेख वाचायला सांगू नका. एकच ‘भ’ शोधायला सांगा आणि तो ‘म’पासून कसा वेगळा, ते त्यांच्याच तोंडून ऐका.