विश्लेषण : अमेरिकेतल्या छोट्या काउंटीत झालेल्या घटस्फोटाचे कागद इथे बसून कसे मिळवायचे?

माझ्या मावसबहिणीचा घटस्फोट अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका छोट्या काउंटीत झाला. त्याला आता बारा-तेरा वर्षे झाली. ती पुण्यात परतली, नोकरीत स्थिरावली आणि गेल्या वर्षी तिचे दुसरे लग्न ठरले. विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यायला दोघे नोंदणी कार्यालयात गेले. तिने मोबाइलमधला कोर्टाच्या कागदाचा फोटो दाखवला. टेबलापलीकडच्या बाईंनी तो मोठा करून पाहिला आणि विचारले, "यावर कोर्टाचा शिक्का कुठाय, ताई?"

शिक्का नव्हता. मूळ कागद घर बदलताना कुठेतरी गेले होते. "तू इंजिनीअर ना, ऑनलाइन काढून दे," असे म्हणत मावशीने ते काम माझ्याकडे सोपवले. ऑनलाइन काही निघाले नाही. कागद हातात पडायला अडीच महिने लागले. त्यात आमच्या ज्या चुका झाल्या, त्या तुमच्या होऊ नयेत म्हणून हा खटाटोप.

सगळ्या अमेरिकेची एकच नोंद नसते का?

नसते. अमेरिकेत घटस्फोट हा राज्याच्या कायद्याचा विषय आहे आणि निकालाची मूळ फाइल ज्या कोर्टात दावा चालला तिथेच राहते. हे कोर्ट बहुतेक ठिकाणी काउंटीच्या पातळीवर असते. अशा काउंट्या ३,१०० हून अधिक आहेत. एकट्या टेक्सासमध्ये २५४ आहेत. त्यातल्या लव्हिंग काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत अवघी ६४ होती!

'पेसर' नावाची संकेतस्थळ-सेवा अनेकांना सापडते. ती फक्त संघराज्याच्या कोर्टांची आहे. घटस्फोट तिथे शोधण्यात वेळ घालवू नका.

नेमकी काउंटी कशी ठरवायची?

पहिली चूक इथेच होते. लग्न कुठे झाले याचा इथे संबंध नाही. दोघे जिथे राहत होते ती काउंटी असेलच असेही नाही. दावा जिथे दाखल झाला, ती काउंटी हवी. आम्ही बहिणीच्या जुन्या पत्त्यावरून एका काउंटीत फोन केला. तिथल्या क्लार्कबाईंनी शोधून सांगितले, "आमच्याकडे नाही, शेजारी विचारून बघा." विभक्त झाल्यावर नवरा शेजारच्या काउंटीत राहायला गेला होता आणि दावा त्याने तिथून लावला होता.

आठवत नसेल तर जुन्या ईमेलमध्ये वकिलाचे बिल, कोर्टाचे समन्स किंवा तारखेची सूचना शोधा. त्यावर काउंटीचे नाव आणि केस क्रमांक असतो. शहर आणि काउंटी यांची नावे सारखी असली तर दुप्पट काळजी घ्या. मिझुरी राज्यात सेंट लुई शहर आणि सेंट लुई काउंटी ही दोन वेगळी प्रशासने आहेत आणि त्यांची कोर्टेही वेगळी आहेत.

अर्ज कोणत्या कार्यालयात करायचा?

प्रत्येक राज्यात नाव वेगळे. टेक्सासमध्ये डिस्ट्रिक्ट क्लार्क, फ्लोरिडात क्लार्क ऑफ द सर्किट कोर्ट, कॅलिफोर्नियात सुपीरियर कोर्ट, न्यूयॉर्कमध्ये काउंटी क्लार्क. पेनसिल्व्हेनियात या अधिकाऱ्याला 'प्रोथोनोटरी' म्हणतात. लुईझियानात काउंटीलाच 'पॅरिश' असे नाव आहे. टेक्सासमध्ये काउंटी क्लार्क आणि डिस्ट्रिक्ट क्लार्क ही दोन वेगळी पदे आहेत. पण ८,००० पेक्षा कमी वस्तीच्या काउंटीत दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे असू शकतात.

छोट्या ठिकाणचा फायदाही इथेच आहे. फोन थेट माणूस उचलतो. अमेरिकेच्या मध्य भागात सकाळी आठला कार्यालय उघडते तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. म्हणजे ऑफिसातून घरी आल्यावर फोन करता येतो. मात्र क्लार्क कायदेशीर सल्ला देत नाहीत. "हा कागद भारतात चालेल का?" हे त्यांना विचारू नका. "प्रमाणित प्रतीला किती पैसे, ते कसे भरायचे आणि किती दिवस लागतील?" एवढेच विचारा.

ऑनलाइन शोध उपयोगी पडतो का?

केस क्रमांक मिळवण्यापुरता पडतो. मिझुरी, विस्कॉन्सिन, इंडियाना अशा काही राज्यांची राज्यभरातले खटले शोधण्याची मोफत संकेतस्थळे आहेत. शोधताना मराठी नावांची गंमत लक्षात घ्या. मधले नाव वडिलांचे की नवऱ्याचे, आडनाव माहेरचे की सासरचे, 'क्षीरसागर' इंग्रजीत नेमके कोणत्या स्पेलिंगने लिहिले, हे सगळे पर्याय एकेक करून पाहा. दोघांचीही नावे टाका. अनेक राज्यांत खटल्याच्या शीर्षकात 'अमक्याविरुद्ध तमका' असे नसते. 'यांच्या विवाहाबाबत' अशा अर्थाचे शीर्षक असते.

जुन्या फाइली संकेतस्थळावर नसण्याची शक्यता मोठी. काही मायक्रोफिल्मवर असतात, काही दुसऱ्या इमारतीतल्या गोदामात. 'कोणाचाही घटस्फोट शोधा' म्हणत कार्ड क्रमांक मागणारी खासगी संकेतस्थळे टाळलेली बरी. त्यांच्याकडून आलेल्या कागदावर कोर्टाचा शिक्का नसतो.

नेमका कोणता कागद मागायचा?

तीन वेगळे कागद आहेत आणि त्यांची सरमिसळ होते.

डिक्री, म्हणजे हुकूमनामा : न्यायाधीशांच्या सहीचा अंतिम निकाल. हा कोर्टाच्या क्लार्ककडेच मिळतो.

घटस्फोट प्रमाणपत्र : काही राज्यांचा आरोग्य विभाग देतो. त्यात नावे, तारीख, ठिकाण इतकेच असते. न्यूयॉर्कमध्ये ते जानेवारी १९६३ पासूनच्या घटस्फोटांचे मिळते. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य विभागाकडे मात्र १९६२ ते जून १९८४ एवढ्याच काळाची नोंद आहे.

पडताळणी पत्र : टेक्सासचे राज्य कार्यालय १९६८ पासूनच्या घटस्फोटांसाठी असे पत्र देते. ते हुकूमनाम्याची जागा घेऊ शकत नाही. पण कोणत्या काउंटीत विचारायचे, हे त्यातून कळू शकते.

तुम्हाला हवी आहे ती हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत. साधी झेरॉक्स स्वस्त असते, पण आपल्या कामाची नसते.

दुसऱ्या कोणाला हे कागद मागता येतात का?

अनेक राज्यांत कोर्टाच्या फाइली सार्वजनिक असतात. त्यातले सोशल सिक्युरिटी क्रमांकासारखे तपशील झाकलेले असतात. न्यूयॉर्कचा नियम कडक आहे. तिथे घटस्फोटाची फाइल शंभर वर्षे बंद राहते आणि ती फक्त पती, पत्नी किंवा त्यांच्या वकिलांनाच पाहता येते. अशा ठिकाणी मित्राला पाठवणार असाल, तर नोटरीसमोर सही केलेले अधिकारपत्र त्याच्याकडे लागेल का, हे आधी फोनवर विचारून घ्या.

अर्जात काय लिहायचे?

छोट्या काउंटीत आजही टपालाने पत्र पाठवणे हाच खात्रीचा मार्ग असतो. एका पानात एवढे लिहा : खटल्याच्या वेळची दोघांची पूर्ण नावे, केस क्रमांक, क्रमांक नसल्यास दाखल झाल्याचे अंदाजे वर्ष, निकालाची तारीख, किती प्रती हव्यात, तुमचा ईमेल आणि फोन. सोबत फोटो-ओळखपत्राची प्रत जोडा.

अडचण येते ती पैसे आणि पाकीट यांची. भारतीय बँकेचा चेक तिथे चालत नाही. अनेक कार्यालये मनी ऑर्डर किंवा तिथल्या बँकेचा चेक मागतात. स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेले परतीचे पाकीटही मागतात, आणि त्यावर आपले भारतीय तिकीट अर्थातच उपयोगाचे नाही. आम्ही पहिल्यांदा तेच करून बसलो. शेवटी बहिणीच्या जुन्या मैत्रिणीने तिथूनच मनी ऑर्डर आणि पाकीट पाठवले. तुमचेही कोणी तिथे असेल तर सुरुवातीलाच मदत मागा. आणि प्रती किमान दोन मागवा.

अपोस्टिल म्हणजे काय आणि तो कुठे मिळतो?

एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून लावलेले प्रमाणपत्र म्हणजे अपोस्टिल. याविषयीच्या हेग करारात भारत २००५ मध्ये सामील झाला. काउंटी कोर्टाच्या कागदाला अपोस्टिल त्याच राज्याचे अधिकारी देतात. बहुतेक राज्यांत हे काम सेक्रेटरी ऑफ स्टेटचे कार्यालय करते. वॉशिंग्टनला किंवा दिल्लीला कागद पाठवून उपयोग नाही. म्हणून क्लार्ककडून निघालेली प्रत भारतात मागवण्याआधी तिथल्या तिथेच राज्याच्या राजधानीला पाठवा.

एक सूचना : अपोस्टिल लावलेल्या कागदांचे स्टेपल स्कॅन करण्यासाठी काढू नका. पाने सुटी झाली की त्यांच्या खरेपणावर शंका घेतली जाते.

हा कागद आला की भारतात प्रश्न सुटला?

नेहमी नाही, आणि हा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत आणि न्या. एन. एम. कासलीवाल यांच्यासमोर असेच प्रकरण आले होते. तिरुपतीला १९७५ मध्ये लग्न झालेल्या एका दाम्पत्यातील पतीने मिझुरीतल्या सेंट लुई काउंटीच्या कोर्टातून घटस्फोट मिळवला आणि भारतात दुसरे लग्न केले. पहिल्या पत्नीने द्विभार्या प्रतिबंधाखाली फिर्याद दिली. न्यायालयाने तो परदेशी घटस्फोट मान्य केला नाही. शिवाय अमेरिकी कोर्टाच्या कागदांच्या नुसत्या प्रती पुरेशा नाहीत, पुराव्याच्या कायद्याला अपेक्षित असलेले प्रमाणीकरण हवे, असेही सांगितले.

त्या निकालाचे सूत्र असे : लग्न ज्या कायद्याखाली झाले, त्या कायद्याला मान्य असलेले कोर्ट आणि मान्य असलेले कारण हवे. त्याला काही अपवाद आहेत. समोरची व्यक्ती स्वतःहून त्या कोर्टापुढे आली आणि तिने दावा लढवला, किंवा तिने घटस्फोटाला संमती दिली, तर परदेशी निकाल मान्य होऊ शकतो. अमेरिकेत 'विवाह सावरता येण्याच्या पलीकडे गेला' हे कारण सर्रास लिहिले जाते. हिंदू विवाह कायद्यात ते घटस्फोटाचे स्वतंत्र कारण नाही.

म्हणून क्लार्ककडे फक्त हुकूमनामा मागून थांबू नका. मूळ अर्ज, समन्स पोहोचल्याचा पुरावा, समोरच्याचे उत्तर आणि दोघांच्या सहीचा करार असेल तर तोही प्रमाणित करून मागवा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४ नुसार, परदेशी निकालाची प्रमाणित प्रत हजर केली की तो सक्षम कोर्टाने दिला असे गृहीत धरले जाते; पण विरुद्ध पुरावा आला तर ते गृहीतक टिकत नाही. तसा वाद निघाला तर हीच पाने कामी येतात. प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते, त्यामुळे पुढच्या पावलाआधी कौटुंबिक कायद्याच्या वकिलांना ही पाने दाखवा. अपोस्टिलशिवाय आणखी काही प्रमाणीकरण लागेल का, हेही त्यांनाच विचारा.

सुरुवात कधी करावी?

लग्नाची तारीख ठरण्याआधी. कागद लागणार हे माहीत असते, पण तो विषय काढणे नको वाटते, म्हणून आपण तो ढकलत राहतो. बहिणीनेही तेच केले होते.

पाकीट आले त्या दिवशी तिने हुकूमनामा बाजूला ठेवला आणि आधी कराराचे शेवटचे पान उघडले. खाली तिची सही होती, तेव्हाच्या आडनावाने. "हे मी स्वतः सही करून संपवलं होतं, मलाच आठवत नव्हतं," ती म्हणाली. वकिलांनी बोट ठेवले तेही नेमके त्याच पानावर. तिची संमती होती, हे दाखवणारा कागद तोच होता. पुढच्या आठवड्यात दोघे पुन्हा नोंदणी कार्यालयात गेले. टेबलापलीकडे त्याच बाई होत्या. त्यांनी शिक्क्यावरून अंगठा फिरवून पाहिला आणि नोटिशीचा फॉर्म पुढे सरकवला.