ब्यूलाबाईंचा दावा

पांढरे झगे, टोकदार टोप्या, तोंडावर बुरखा. कू क्लक्स क्लॅनची ही माणसं तुम्ही सिनेमात पाहिली असतील. अमेरिकेत गुलामगिरी संपली त्याच सुमारास, १८६५-६६ मध्ये, ‘गोरे तेच श्रेष्ठ’ म्हणणारी ही संघटना जन्मली. १९२० च्या दशकात तिचे लाखो सभासद होते. बायकांची वेगळी शाखासुद्धा होती, बरं का! पुढे तिची शकलं झाली. त्यातला युनायटेड क्लॅन्स ऑफ अमेरिका हा गट १९६० च्या दशकात सगळ्यांत मोठा.

या गटाचं कंबरडं मोडलं ते अलाबामा राज्यातल्या मोबिल शहरातल्या ब्यूला मे डोनाल्ड या कृष्णवर्णीय आईनं. धाकटा मायकल १९ वर्षांचा. मार्च १९८१ मध्ये एका रात्री सिगारेट आणायला म्हणून बाहेर पडला, तो परतलाच नाही. क्लॅनच्या दोघांनी त्याला पळवून ठार मारलं आणि झाडाला टांगलं. कुणी तरी काळा माणूस हवा होता, एवढंच कारण. पोलिसांना आधी वाटलं, ड्रग्जची भानगड असेल. आईला हे कसं ऐकवलं असेल! ब्यूलाबाईंनी शवपेटी उघडी ठेवायला लावली. पोराचे हाल जगाला दिसू देत, म्हणाल्या.

एफबीआयच्या तपासानंतर १९८३ मध्ये ते दोघे सापडले. एकाला जन्मठेप, दुसऱ्याला मृत्युदंड. त्याची अंमलबजावणी १९९७ मध्ये झाली. पण संघटना तशीच उभी होती ना! मग वकील मॉरिस डीस यांच्या मदतीनं ब्यूलाबाईंनी संघटनेवरच दिवाणी दावा लावला. मुद्दा आपल्यालाही कळेल असा. कंपनीच्या ड्रायव्हरनं कामावर असताना कुणाला उडवलं, तर भरपाई कंपनीच देते. तसंच हे.

खटल्यात त्यातल्या एका मारेकऱ्यानं रडत त्यांची माफी मागितली. त्यांनी ती दिली. मला हे वाचून थांबायलाच झालं. मला जमलं नसतं.

फेब्रुवारी १९८७ मध्ये ज्यूरीनं, जिच्यात सगळे गोरेच होते, ७० लाख डॉलर भरपाई ठरवली. संघटनेकडे एवढे पैसे कुठले? टस्कलूसातलं मुख्यालय ब्यूलाबाईंच्या नावावर करून द्यावं लागलं. ते विकून आलेल्या पैशातून त्यांनी आयुष्यातलं पहिलं स्वतःचं घर घेतलं. सप्टेंबर १९८८ मध्ये त्या गेल्या. तो गट पुन्हा उभा राहिला नाही.