उमरीतला समुद्र आणि काचेवरचं शेवाळ

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती कापली आहे, बाकी जसंच्या तसं.)

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि डेटा संपला म्हणून वाचत बसलेल्यांनाही नमस्कार.

आज माशांवर बोलायचंय, तेही खाऱ्या पाण्यातल्या. उमरीपासून मुंबईचा समुद्र सहाशे किलोमीटरच्या वर. पण आमच्या बैठकीत ८० लिटरच्या काचेच्या टाकीत दोन क्लाउनफिश पोहतायत. टाकी आणली त्या दिवशी आबा म्हणाले, "इथं माणसाला पाणी पुरंना, अन् तू माशाला समुद्र करून देतो का?" प्रश्न रास्त आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

घोळ कुठं झाला

मी बोअरचं पाणी घेतलं आणि त्यात मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ घातलं. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम. हे घरातलं मीठ नाही बरं का. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच असतं, ते सगळं या मिठात घातलेलं असतं. खडेमीठ टाकून समुद्र होत नाही.

दुसऱ्या आठवड्यात काचेवर तपकिरी धूळ बसली. पुसली, की दुसऱ्या दिवशी परत. दोन महिन्यांत दगडांवर बोटभर लांब हिरवे केस उगवले. सगळे सांगतात तेच मी केलं: दर रविवारी १० टक्के पाणी बदललं. शेवाळ कमी व्हायचं सोडून आणखी दाट झालं.

शेवाळ खातं काय?

शेवाळाला तीन गोष्टी लागतात: उजेड, नायट्रेट आणि फॉस्फेट. सुरुवातीच्या तपकिरी थराला, म्हणजे डायटमला, कवच बांधायला सिलिकाही लागते. आपला मराठवाडा काळ्या पाषाणावर, बेसॉल्टवर बसलाय. त्या खडकातून झिरपलेल्या पाण्यात सिलिका विरघळलेली असतेच.

नायट्रेट टाकीतही तयार होतं. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो, तो माशांना विषारी. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. ही जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून नव्या टाकीत पहिल्याच दिवशी मासे सोडायचे नसतात. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी, पण ते साचत जातं. आणि साचलं की शेवाळाची दिवाळी.

पाण्याचा हिशोब

शेवटी काही शे रुपयांचा टीडीएस मीटर आणि नायट्रेट तपासायचं किट मागवलं. टाकीचं पाणी तपासलं, मग सहज म्हणून बोअरचं. टीडीएस १२००. नायट्रेटचा रंग ५० च्या पट्टीला जुळला.

आता गणित बघा. मी रविवारी नायट्रेटवालं पाणी काढून नायट्रेटवालंच पाणी ओतत होतो. त्यापेक्षा मोठी चूक रोजची होती. एप्रिल-मेमध्ये टाकीवर पंखा लावला की दिवसाला दीड लिटर पाणी उडतं. उडतं ते फक्त पाणी. मीठ, नायट्रेट, सिलिका सगळं मागं राहतं. ती तूट मी बोअरच्या पाण्याने भरायचो. महिन्याचे ४५ लिटर, लिटरला १.२ ग्रॅम, म्हणजे महिन्याला ५४ ग्रॅम नको असलेले क्षार. नायट्रेटचं बघाल तर ४५ लिटर गुणिले ५० मिलिग्रॅम, भागिले ८० लिटर: दर लिटरमागे २८ मिलिग्रॅमची भर, तीही एका महिन्यात! शेवाळाला मीच खत घालत होतो.

मग उपाय काय? तुरटीने गाळ खाली बसतो, विरघळलेलं काही निघत नाही. कापडाने गाळूनही नाही. उकळलं तर पाणी कमी होतं आणि नायट्रेट उलट दाट होतं. लागतो तो आरओ, आणि त्याच्यापुढे डीआय रेझिनची नळी. आरओने बहुतेक क्षार निघतात, उरलेले रेझिन धरून ठेवतं. मीटरवर शून्य आलं की मगच मीठ घालायचं. आणि उडालेल्या पाण्याची भरपाई बिनमिठाच्या शुद्ध पाण्याने, कारण मीठ टाकीतच आहे.

इथं थोडं थांबतो

त्या ५० च्या आकड्याने मला झोप लागली नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंतच चालतं. घरात वहिनीचं चार महिन्यांचं बाळ, वरच्या दुधावर. पावडर कालवायला तेच बोअरचं पाणी, वीस मिनिटं उकळून. काळजी म्हणून उकळत होतो, आणि नायट्रेट वाढवत होतो.

नायट्रेटला चव नाही, वास नाही. तान्ह्या बाळाच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते. बाळ निळसर पडू शकतं. माशांच्या किटवर विसंबायचं नाही म्हणून नमुना नांदेडला प्रयोगशाळेत दिला. निकाल मर्यादेच्या वरच आला. बाळाचं पाणी आम्ही निकालाची वाट न बघता त्याच दिवशी बदललं होतं. बाळ ठणठणीत आहे. शेतातला युरिया, शेणखड्डे, शौचखड्डे, सगळ्यांतून नायट्रेट जमिनीत उतरतं. आमच्याच बोअरमध्ये असेल असं नाही.

शेवाळ काढायचा क्रम

१. आधी हाताने उपटा. जुन्या टूथब्रशने दगड घासा, सुटलेलं नळीने ओढून घ्या. काढलेलं शेवाळ म्हणजे टाकीबाहेर गेलेलं नायट्रेट.

२. दिवा दिवसाला आठ तासच. टाकी खिडकीपासून लांब.

३. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

४. जमलं तर प्रोटीन स्किमर घ्या. बारीक बुडबुड्यांना घाण चिकटते आणि फेसासोबत वरच्या कपात जमा होते. कुजायच्या आधीच ती बाहेर.

५. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी सोडा, पण शेवटी. त्या मदतनीस आहेत, इलाज नाहीत.

तांबं असलेलं शेवाळनाशक औषध टाकू नका. त्याने गोगलगायी आणि कोळंब्या मरतात. शिवाय एकदम मेलेलं शेवाळ कुजून पाण्यातला ऑक्सिजन खातं. लाइट जाते तेव्हा तर हे जिवावरच बेतेल. बॅटरीवरचा हवेचा पंप घरात ठेवाच.

आणखी एक. कुणी प्रवाळ किंवा समुद्रघोडा विकत असेल तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. सिरॅमिकचे दगड चालतात. क्लाउनफिश घेताना हॅचरीत वाढवलेलेच मागा. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांचं प्रजनन यशस्वी केलंय, समुद्रातून पकडून आणायची गरज नाही.

आबांचा प्रश्न

माझा आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर फेकतो. उन्हाळ्यात टाकीला आठवड्याला साधारण १८ लिटर लागतं, म्हणजे ५४ लिटर वाया. ते ड्रममध्ये साठवतो. फरशी, भांड्यांची पहिली खळखळ आणि संडासला वापरतो. झाडांना घालत नाही, कारण त्याचा टीडीएस १६०० च्या घरात जातो.

तरी आबांना पूर्ण उत्तर दिलं असं म्हणणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. म्हणून घरात ठरवलंय: गल्लीत टँकर सुरू झाला की टाकी बंद, मासे नांदेडच्या मित्राकडे. मित्राला सांगूनही ठेवलंय. आबा यावर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. पण हल्ली सकाळी टीडीएस मीटर तेच बुडवून बघतात.

तुम्ही टाकी ठेवा न ठेवा, आपल्या बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या. घरात तान्हं बाळ असेल तर या आठवड्यातच. आकडा मला कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटू मग!