सायकलीच्या टप्प्यातले अंतर

बालाघाटच्या पठारावर, मांजरसुंबा ते केज या मार्गावर वसलेले नेकनूर हे बीड तालुक्यातील मोठे बाजाराचे गाव असून, भोवतालच्या खेड्यांतील व वस्त्यांवरील लोकांचे तेथे नेहमी येणेजाणे असते. अशा गावी माणूस रोज किती लांबून सायकलने येऊ शकतो, हा प्रश्न पायांतील बळाचा वाटतो. परंतु ते बळ संपण्यापूर्वीच इतर कारणे त्याला अडवतात.

त्यांपैकी पहिले कारण वेळेचे. चालणारा माणूस अर्ध्या तासात सुमारे अडीच किलोमीटर जातो, तर साधी सायकल सपाट रस्त्यावर तेवढ्याच वेळात सहा-सात किलोमीटर गाठते. अंतर वाढत जाते तसे कोणत्याही एका साधनाने जाणाऱ्यांचे प्रमाण घटते; या घटीला वाहतूकशास्त्रात ‘अंतर-क्षय’ म्हणतात. सायकलींचा देश समजल्या जाणाऱ्या नेदरलँड्समध्येही साध्या सायकलीचा टप्पा साधारणपणे साडेसात किलोमीटरपर्यंतच धरला जातो.

नेदरलँड्स सपाट आहे, बालाघाट नाही. शंभर मीटर अंतरात पाच मीटर उंची चढणाऱ्या रस्त्यावर, गिअर नसलेल्या वीसेक किलो वजनाच्या सायकलीवर, धडधाकट माणसाचाही वेग चालण्याच्या वेगापर्यंत उतरतो आणि शेवटी सायकल हातात धरून ढकलावी लागते. नेकनूरहून बीडकडे जाताना मांजरसुंब्याचा घाट उताराचा असला, तरी परतताना तोच चढावा लागतो. म्हणून रोजचे अंतर सोप्या फेरीवर नव्हे, तर अवघड फेरीवर ठरते. त्यात उन्हाळ्यातील चाळीस अंशांपलीकडचे ऊन, आणि पावसाळ्यात मडगार्ड व चाक यांच्यामध्ये बसून चाक जाम करणारा पाणंदीचा चिखल यांची भर पडते.

मुलींच्या बाबतीत मर्यादा आणखी अलीकडे येते, कारण महामार्गावरील ट्रक, अंधार पडण्याची वेळ आणि सोबतीला कोणी आहे की नाही, याचा विचार घरचे आधी करतात. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात शाळेपासून ५ किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान, तर दूरच्या मुलींसाठी एसटीच्या खास गाड्या, अशी विभागणी केलेली आहे. बिहारमध्ये २००६ पासून राबवलेल्या सायकल योजनेच्या अभ्यासात, माध्यमिक शाळा ३ किलोमीटरहून दूर असलेल्या गावांत मुलींच्या प्रवेशाची वाढ सर्वाधिक आढळली. म्हणजे पायी जाणे अवघड होते तेथेच सायकलीचे खरे काम सुरू होते.

तथापि लांबवर सायकल चालवली जाते, एवढ्यावरून तेथील सोय उत्तम आहे असे मानणे चुकीचे ठरेल. खेड्यात घरी मोटारसायकल आली की कर्ता पुरुष बहुधा तिच्याकडे वळतो आणि सायकल मुलांकडे जाते. सर्वांत लांबचा पल्ला बहुधा तोच मारतो ज्याला दुसरा पर्याय नाही. २०११ च्या जनगणनेने कामावर जाण्याचे साधन विचारले खरे, पण शेतकरी आणि शेतमजूर यांना त्या प्रश्नातून वगळले, त्यामुळे डबा अडकवून शिवाराकडे जाणारी सायकल त्या आकड्यांत आलीच नाही. पर्याय नसण्याची हीच स्थिती शाळकरी मुलांवरही आली: २०२१ च्या ऑक्टोबर अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तेव्हा ग्रामीण शाळा उघडून जेमतेम महिना होत आला होता. पुढील एप्रिलपर्यंत लांबलेल्या त्या काळात सायकलीच्या टप्प्याबाहेरच्या मुलामुलींना पायपीट, मिळेल ते वाहन किंवा घरी थांबणे, एवढेच उरले.