दूरच्या दप्तराचीं मापें

एका संगणकावरील दप्तर दुसऱ्या संगणकावर आपलेंच असल्याप्रमाणें उघडतां यावें, यासाठीं सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें १९८४ सालीं एनएफएस नांवाची पद्धति तयार केली. दप्तर सांभाळणारा तो सर्व्हर व मागणारा तो क्लायंट. लिनक्समध्यें क्लायंटचें काम कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, करितो. आणि त्याच्या वर्तनाचीं मापें आपणांस बदलतां येतात. तीं बदलणारे पुष्कळ. काय बदललें व कां, हें लिहून ठेवणारे मात्र विरळा.

'टाइमिओ' हें माप पाहा. सर्व्हरच्या उत्तराची वाट किती वेळ पाहावयाची, तें यानें ठरतें. टीसीपीवर त्याचें मूळ मूल्य ६०० असतें. परंतु हे सेकंद नव्हेत, सेकंदाचे दशांश होत! म्हणजे वाट पाहावयाची ती ६० सेकंद. एखाद्यानें एक मिनिट समजून ६० लिहिले, तर क्लायंट सहा सेकंदांतच अधीर होतो. एवढ्यावर भागलें तर ठीक. पण शेजारींच कोणी 'सॉफ्ट' हा पर्याय घातला असेल, तर ठराविक प्रयत्नांनंतर क्लायंट हात टेकतो व प्रोग्रामला चूक कळवितो. प्रोग्रामनें तिकडे दुर्लक्ष केलें, तर मजकूर अर्धवट राहून कोणास पत्ताही लागत नाहीं. 'हार्ड' हा मूळचा पर्याय मागणी पुनःपुन्हां करीत राहतो. काम अडतें, लोक चिडतात, पण मजकूर असा मुकाट्यानें बिघडत नाहीं. माझ्या मतें चिडलेले लोक परवडले.

कर्नलचा स्वभावही बदलत असतो. पुढचा मजकूर आधींच वाचून ठेवण्याचें प्रमाण पूर्वीं एका वाचन-मागणीच्या पंधरापट असे. २०१९ सालच्या ५.४ आवृत्तीपासून तें १२८ किलोबाइटांवर आलें. आवृत्ति न लिहिलेलें जुनें टिपण यामुळें जाणत्यासही फसवितें.

एकाच वेळीं किती मागण्या वाटेवर असाव्यात, हें 'स्लॉट टेबल' ठरवितें. टीसीपीसाठीं आरंभ २ पासून होतो व कमाल मर्यादा मुळांत ६५,५३६ असते. ही मर्यादा दप्तर जोडण्यापूर्वींच बदलावी. आधींच्या जोडणीस ती लागू होत नाहीं. शिवाय नुसती चालू कर्नलमध्यें बदलली, तर यंत्र पुन्हां सुरू होतांच ती पूर्ववत् होते, आणि काल नीट चाललेलें काम आज कां मंदावलें, हें शोधीत बसावें लागतें.

म्हणून वहींत मापाचें नांव, जुनें व नवें मूल्य, एकक, कर्नलची आवृत्ति, तें मूल्य कोणत्या फाइलींत ठेविलें तें, आणि बदलण्याचें कारण, इतकें लिहावें. कारणाचा रकाना बहुधा रिकामाच आढळतो.