मुळेच्या खोऱ्यातील शंभर वर्षे

मौजे माले हे मुळशी तालुक्यातील गाव पौडवरून ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सह्याद्रीच्या पूर्व उताराच्या पायथ्याशी वसले आहे. मुळा व निळा या नद्यांच्या संगमापाशी बांधलेले मुळशीचे धरण येथून जवळच असल्यामुळे, या मावळातील जमीन, रान व पाणी यांची गेल्या शतकात जी उलथापालथ झाली, तिचा मागोवा घेण्यास हे गाव विशेष सोयीचे आहे.

धरणापूर्वीचे खोरे भाताचे होते. नदीकाठच्या खाचरांत आंबेमोहोर, डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी, उन्हाळ्यात पालापाचोळा व शेण पसरून जाळलेले राब आणि पहिल्या पावसानंतर त्यांवर टाकलेली रोपे, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम होता. रानाचीही व्यवस्था ठरलेली होती : सरपण, गवत व पालवी सर्वांनी घ्यावी, परंतु देवाच्या नावाने राखलेल्या राईत कोयता लावू नये, हा नियम कोणत्याही दफ्तरात न नोंदवता पाळला जात असे. त्याच धाकाने व श्रद्धेने हिरडा, जांभूळ, अंजनी, भेरली माड यांची जुनी झाडी टिकली आणि तिच्या आश्रयाने शेकरूही टिकला. १९७० नंतरच्या दशकात माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हा मावळातील अशिक्षित समजल्या गेलेल्या माणसांनी काय सांभाळून ठेवले होते, हे विद्वज्जनांस कळले.

जमिनीचा इतिहास मात्र इतका सुदैवी नाही. मुंबईच्या गिरण्यांना व रेल्वेला वीज हवी म्हणून टाटा कंपनीने हे खोरे निवडले आणि सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार तिला देऊ केला, तेव्हा सुमारे पन्नास गावे व दहा-अकरा हजार माणसे यांवर विस्थापनाचे संकट आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, हजारांवर मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले आणि मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे व पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी. बापटांना लोकांनी ‘सेनापती’ म्हटले ते याच लढ्यापासून. शिवरामपंत परांजपे यांच्यासारख्या वयोवृद्ध संपादकाने त्यासाठी कारावास पत्करला. परंतु पुष्कळ जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावे होत्या व कसणारा मावळा केवळ कूळ होता. खातेदाराने मोबदला मान्य केला, की वहिवाटदाराच्या पायाखालची भूमी आपोआप निसटत असे. १९२४ पर्यंत लढा मोडला. बापट या लढ्यातील अखेरच्या शिक्षेतून १९३१ साली सुटले, त्याच्या चार वर्षे आधीच, १९२७ मध्ये, धरणाचे पाणी बोगद्यांवाटे सुमारे ५०० मीटर खाली कोकणातील भिरा येथे उतरून वीज निर्माण करू लागले होते. भीमा-कृष्णेच्या वाटेने पूर्वसमुद्रास मिळणारे मुळेचे जल तेव्हापासून कुंडलिकेतून पश्चिमसमुद्रास जात आहे.

पुढील काळाने मावळ्यांच्या फिर्यादीतील प्रत्येक कलम न्याय्य ठरविले, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. कसणाऱ्याचा जमिनीवरील हक्क १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याने मानला आणि १ एप्रिल १९५७ पासून कूळ मालक झाले. पण तोवर मुळशीची खाचरे तीस वर्षे पाण्याखाली होती. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदा १९७६ साली आला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर ऐंशी टक्के बाधितांची संमती हवी, हे तत्त्व २०१३ च्या केंद्रीय कायद्यात उतरले. त्याच वर्षी ताम्हिणीचे रान अभयारण्य म्हणून घोषित झाले. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहास जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले, त्याचे महत्त्व या कालक्रमात स्पष्ट होते.

आज पावसाळ्यात सहस्रावधी लोक या रस्त्याने धबधबे व जलाशय पाहावयास येतात. त्या सौंदर्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु ज्या जलाशयाची ते प्रशंसा करतात, त्याच्या तळाशी बुडालेल्या गावांची नावेही त्यांना ठाऊक नसावीत, ही उणीव आपली आहे. किल्ल्यांइतकाच हा सत्याग्रह आणि देवालयांइतक्याच या देवराया हा मावळाचा वारसा होय. वहिवाट खरी असूनही कागदावर नसल्यामुळे मुळशीने एकदा सर्वस्व गमावले. म्हणून माले व आसपासच्या ग्रामसभांनी आपल्या देवराया, झरे, पाणवठे, भाताचे जुने वाण आणि बुडालेल्या वाड्यांची नावे, ज्येष्ठ माणसे हयात आहेत तोवर, जैवविविधता कायद्यान्वये ठेवावयाच्या नोंदवहीत व गावच्या दफ्तरात लिहून घ्यावीत, आणि तालुक्यातील शिक्षकांनी या कामी विद्यार्थ्यांना जोडून घ्यावे, एवढीच विनंती.